मागून येणारे पाच

थंडीचे दिवस लागले की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एक ठराविक प्रश्न हटकून असतो. या खेपेसही तो आहे. एक भगिनी लिहितात, “चिरंजीव शनिवार-रविवारची सुटी साधून मित्रमंडळींसह राजमाचीस पायी जाणार आहेत. एक रात्र तेथील खेड्यात मुक्काम आहे. पिशवीत काय काय भरून द्यावे, ते कृपा करून कळवावे.”

प्रश्न मातृहृदयाचा आहे, तेव्हा प्रथम त्याचे सरळ उत्तर देतो. माणशी निदान दोन लिटर पाणी द्यावे. वाटेत ओढे आहेत, परंतु मार्गशीर्षानंतर त्यांच्या भरवशावर राहू नये. तळवा घट्ट धरील असा, आधी महिनाभर वापरून पायाला सरावलेला जोडा असावा. नवा कोरा जोडा डोंगरात शत्रूचे काम करतो. विजेची बत्ती प्रत्येकाजवळ स्वतंत्र असावी. रात्री माचीवर बोचरे वारे सुटते, म्हणून एक गरम कपडा असावा. दशम्या आणि कोरडी चटणी यांची बरोबरी करणारा प्रवासी पदार्थ अद्याप निघालेला नाही. इतके झाले की पिशवी भरली म्हणून समजावे.

परंतु राजमाचीचे नाव वाचले आणि पिशवीत न मावणारी एक गोष्ट मला आठवली. ती बरोबर नेण्यास मी स्वतः एकदा विसरलो होतो. त्या विस्मृतीची हकीकत सांगितल्याशिवाय वरील उत्तर पुरे होणार नाही.

गोष्ट १९८६ सालच्या डिसेंबरातील आहे. आम्ही त्या वेळी पुण्यात एका जुन्या वाड्यात राहत असू. वाड्यातील मंडळींनी एका रविवारी ओसरीवर बसून बेत ठरविला की पुढच्या शनिवारी लोणावळ्याहून चालत राजमाचीस जावे, रात्री तेथे राहावे आणि दुसऱ्या दिवशी कोंडाण्याच्या लेण्यांवरून कर्जतच्या बाजूस उतरावे. चहाच्या दुसऱ्या फेरीपर्यंत बारा नावे झाली. राजमाचीच्या उधेवाडीत एका गृहस्थांकडे मी पूर्वी एकदा उतरलो होतो. त्यांना मी त्याच दिवशी कार्ड टाकले : “आम्ही बारा माणसे शनिवारी सायंकाळी येत आहोत. रात्रीचे जेवण व मुक्काम आपल्याकडे करू.” पुढारीपण माझ्याकडे होते, आणि खाली सहीही माझीच होती.

शनिवारी पहाटे स्टेशनवर पाहतो तो आम्ही सात. मी, माझी पत्नी, अठ्ठावन्न वर्षांच्या आमच्या आत्या, कॉलेजात शिकणारा पुतण्या, समोरच्या बिऱ्हाडातील दोघे बंधू आणि एक शिक्षिकाबाई. उरलेल्या पाचांपैकी एकाकडे अचानक पाहुणे आले होते, एकाच्या मुलाला पडसे झाले होते, एकाला आदल्या रात्रीचे लग्नातील जेवण बाधले होते आणि दोघांचे कारण अखेरपर्यंत समजले नाही. “बरेच झाले, गाडीत ऐसपैस बसू,” असे कोणीसे म्हणाले. आम्ही हसलो आणि गाडीत बसलो. बारा हा आकडा एका कार्डावर लिहून डोंगरात गेलेला आहे, याची आठवण त्या क्षणी आम्हां सातांपैकी एकालाही झाली नाही.

लोणावळ्याहून राजमाची पंधरा-सोळा किलोमीटर, म्हणजे जुन्या हिशेबाने पाच कोस. तुंगार्लीचे तळे मागे पडले की गावाचा गजबजाट एकदम थांबतो. पुढे वाट डोंगराच्या अंगाने, कधी उघड्या माळावरून तर कधी गर्द झाडीतून वळणे घेत जाते. चढ फारसा नाही, परंतु अंतर संपता संपत नाही. वाटेत फणसराईची वस्ती लागते. येथून-तेथून फाटे फुटतात आणि नवखा मनुष्य चुकण्यास भरपूर वाव मिळतो. शेवटी श्रीवर्धन आणि मनरंजन ही दोन शिखरे जोडीने समोर उभी राहतात आणि त्यांच्या पायथ्याच्या माचीवर उधेवाडीची घरे दिसू लागतात. गो. नी. दांडेकरांच्या ‘माचीवरला बुधा’ या कादंबरीमुळे हा परिसर मराठी वाचकांच्या ओळखीचा आहे.

या जागेचे महत्त्व जुने. कल्याणच्या बंदरापासून घाटमाथ्यावर येणाऱ्या मालाच्या वाटांवर येथून नजर राहत असे. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, त्या सुमारास हा किल्लाही स्वराज्यात आला. १७७६ साली सदाशिवरावभाऊंच्या तोतयाने तो काही काळ बळकाविला होता आणि १८१८ साली तो इंग्रजांच्या हाती गेला. किल्ल्यावर ठिकठिकाणी खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. गडावर माणसे किती, यावर तेथील पाण्याचा व धान्याचा हिशेब चालत असे. वरकरणी दगडाधोंड्यांचे दिसणारे हे स्थळ आतून आकड्यांवर उभे होते. त्या दिवशी ती टाकी पाहताना मी हे सारे माझ्या सोबत्यांना मोठ्या ऐटीने समजावून सांगितले. स्वतःच्या आकड्याचे मात्र मला स्मरण नव्हते.

ते कसे झाले, ते आता सांगतो.

आम्ही चारच्या सुमारास उधेवाडीस पोचलो. यजमान अंगणातच उभे होते. त्यांनी रामराम केला, आमच्याकडे एकवार पाहिले आणि विचारले, “बाकीची मानसं?”

माझी नजर त्यांच्या खांद्यावरून आत गेली. ओटी नुकतीच सारवलेली होती. भिंतीशी ताटल्या रचून ठेवल्या होत्या. काही पितळेच्या, काही जर्मनच्या, दोन-तीन चेपलेल्या, म्हणजे एका घरच्या नव्हेत. चार घरांतून मागून आणलेल्या. त्या बारा होत्या, हे मोजल्याशिवाय समजले. आम्ही सातच आलो आहोत आणि पाच जण घरीच राहिले, हे सांगण्याची मला विलक्षण लाज वाटली. शहरात अशा प्रसंगी आपण जे करतो तेच मी केले. संकोच टाळण्यासाठी हाताशी असलेले वाक्य पुढे केले.

“येतील मागून,” मी म्हणालो.

हे शब्द उच्चारताना मी खोटे बोलत आहे असे मला खरोखर वाटले नाही. पुण्यात ‘येतील मागून’ याचा अर्थ ‘हा विषय आता पुरे’ एवढाच होतो. ऐकणाराही तो तसाच घेतो. यजमानांनी मान हलविली, पाणी दिले, चहा दिला आणि आम्ही सूर्यास्त पाहण्यास मनरंजनावर गेलो.

वरून दिसणाऱ्या देखाव्याचे वर्णन करण्याचा मोह आवरतो. खाली उल्हास नदीचे खोरे धूसर होत होते आणि पलीकडे घाटाची रांग काळवंडत होती. अंधार पडू लागला तेव्हा आम्ही उतरण्यास आरंभ केला. इतक्यात शिक्षिकाबाईंनी बोट दाखविले. आम्ही ज्या रानातून आलो होतो त्या रानात एक बारीकसा दिवा हळूहळू पुढे जात होता. झाडांआड नाहीसा होई, पुन्हा उगवे. “किती सुंदर दिसते नाही!” त्या म्हणाल्या. आम्ही सगळेच क्षणभर थांबलो आणि तो दिवा डोळे भरून पाहिला.

घरी येऊन जेवावयास बसलो. पिठले, तांदळाची भाकरी, लसणाची चटणी आणि वर वाफाळलेला भात. यजमानीणबाई वाढीत होत्या. यजमान कोठे दिसेनात. आत्यांनी सहज विचारले, “घरधनी जेवायला नाहीत?”

“त्ये आन् पोरगं कंदील घिऊन ग्येल्यात न्हवं का,” बाई म्हणाल्या. “तुमची पाच मानसं दिवस बुडला तरी आली न्हाईत. फाट्यावर चुकली आसतील, म्हनून बघाया ग्येल्यात.”

हातातला घास हातातच राहिला. आत्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या काही बोलल्या नाहीत आणि त्यांनी बोलावे अशी आवश्यकताही नव्हती.

मी आणि पुतण्या बत्ती घेऊन निघालो. अमावास्येच्या आसपासची रात्र होती. दिवसा ज्या वाटेवरून आम्ही गाणी म्हणत आलो होतो ती वाट आता ओळखू येईना. दगड तोच, ओढा तोच. परंतु पाय टाकण्यापूर्वी प्रत्येक वेळी विचार करावा लागे. सुमारे तासाभराने समोरून दिवा आला. पुढे बारा-तेरा वर्षांचा मुलगा होता, मागे त्याचे वडील. हाका मारून मारून मुलाचा आवाज बसला होता. फणसराईपर्यंत जाऊन, तेथील घरे उठवून, चौकशी करून ते परत येत होते आणि वाडीतून आणखी माणसे घेऊन पुन्हा निघणार होते. ओढ्यात पाय घसरल्याने कंदिलाची काच तडकली होती.

मला पाहताच यजमान म्हणाले, “घावली का?”

त्या रात्रीनंतर आयुष्यात पुष्कळ ठिकाणी पुष्कळ कबुल्या द्याव्या लागल्या. परंतु ‘ते पाच जण पुण्याहून निघालेच नव्हते’ हे वाक्य उच्चारण्यास मला जितके बळ लागले तितके क्वचितच लागले असेल. ते थोडा वेळ गप्प राहिले. मी शब्दांची वाट पाहत होतो; ते कठोर असते तर मला बरे वाटले असते.

“मंजी कुनी चुकलं न्हाई,” ते म्हणाले. “मग झालं तर.”

मुलगा मात्र काहीच बोलला नाही. तो कंदील घेऊन आमच्या पुढे चालू लागला आणि घर येईपर्यंत त्याने एकदाही मागे वळून पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बारा माणसांच्या जेवणाचे पैसे पुढे केले. यजमानांनी सातांचे मोजून घेतले आणि उरलेले परत दिले. “जेवली न्हाईत त्येंचं कसं घ्यावं?” असे त्यांचे म्हणणे. माझा आग्रह त्यांनी मानला नाही. निघताना बाईंनी एका फडक्यात बांधलेले गाठोडे आत्यांच्या हातात दिले. रात्री थापलेल्या त्या पाचांच्या भाकऱ्या होत्या. “वाटंत भूक लागंल, आत्या,” एवढेच त्या म्हणाल्या.

कोंडाण्याकडची उतरण चांगली खडी आहे. माची ते पायथ्याचे कोंदिवडे यांत सुमारे दोन हजार फुटांचे अंतर उतरावे लागते. सुट्या दगडांवरून पाय घसरत होते. आत्यांनी प्रत्येक वळणावर माझा खांदा धरला. अर्ध्या वाटेवर एक वृद्ध बाई डोक्यावर पोते घेऊन वर येताना भेटली. अनवाणी होती. पोत्यात काय आहे, असे आत्यांनी विचारले. “पीठ, मीठ, राकेल,” ती म्हणाली आणि न थांबता पुढे गेली. आम्ही सारे तिच्याकडे पाहत राहिलो. आदल्या रात्री आपण जे खाल्ले तेही कोणाच्या तरी डोक्यावरून याच चढाने वर आले असेल, आणि त्यातील पाच माणसांचे उगीचच आले असेल, हे सांगण्यास कोणाचीही जरूर नव्हती.

लेण्यांत आम्ही गाठोडे सोडले. कोंडाण्याची ही बौद्ध लेणी ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराची. लाकडी इमारतीचे सारे नमुने खडकात उतरविलेला तेथील चैत्य पाहण्यासारखा आहे. हे काम कण्हाचा शिष्य बलक याने केले, अशा अर्थाचा ब्राह्मी लेख तेथे एका भग्न मूर्तीपाशी कोरलेला आहे. भाकरी मोडता मोडता माझ्या मनात आले की येथे राहणाऱ्या भिक्षूंची भाकरीही आसपासच्या कोणा खेड्यातूनच येत असणार. घेणाऱ्याने दात्याच्या दारी खोटे बोलू नये, हा नियम त्यांना पाळावाच लागत असला पाहिजे.

तेथे आत्या प्रथमच बोलल्या. “अरे, आपल्याकडे पंक्तीचं आमंत्रण करताना पानं किती, हे आधी दोनदा विचारतात. एखादा आला नाही तर पान फुकट जातं. आपण ते गाईला घालतो आणि विसरतो. इथं तुझ्या रिकाम्या पानामागं एक पोर रात्रभर रानात हिंडलं असतं.”

या बोलण्यावर मी पुढे पुष्कळ विचार केला आणि मला त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी दिसल्या. पहिली, अन्नाची. शहरात पाहुणा न आल्यास चार भाकऱ्या उरतात. त्या शेजारी जातात, दुसऱ्या दिवशी उपयोगास येतात. डोंगरातील घरात प्रत्येक शेर पिठाच्या मागे दोन हजार फुटांचा चढ असतो, हे त्या दिवशी आम्ही डोळ्यांनी पाहिले. तथापि ही गोष्ट पैशाने काही अंशी भरून निघू शकते. दुसरी गोष्ट तशी नाही. शहरात मनुष्य वेळेवर न आल्यास तो कोठेतरी सुखरूप आहे, असे आपण धरून चालतो. डोंगरात तो न आल्यास तो संकटात आहे, असे धरून चालावे लागते; कारण तसे धरले नाही तर सकाळपर्यंत उशीर झालेला असतो. तेथे येणाऱ्यांची संख्या ही जेवणाची बाब नसून जिवाची बाब आहे. आपल्या तोंडून सहज निघालेल्या वाक्यावर विश्वास ठेवून तेथील मनुष्य काळोखात पाऊल टाकतो. आपण ज्या एकान्ताचा आनंद लुटण्यास जातो त्याची किंमत तेथील लोक अशा रीतीने भरीत असतात.

पुण्यास आल्यावर मी घरी राहिलेल्या पाचांकडे गेलो आणि त्यांच्या वाटणीचे पैसे मागितले. तिघांनी हकीकत ऐकताच दिले. एकाने, “न जेवता पैसे कसले?” म्हणून तासभर वाद घातला आणि अखेर दिले. पाचवा रागावला व पुढे आमच्याबरोबर कोठे आला नाही. त्यांना दोष देण्यास मी कचरतो. ते आले नाहीत ही त्यांची चूक. ते येत आहेत असे सांगितले ती माझी, आणि दोहोंत माझी मोठी. जमलेले पैसे मनिऑर्डरीने पाठविले. कुपनावर लिहिले, “कंदिलाच्या काचेसाठी. चूक झाली. मुलास सांगावे.” मुलाने ते वाचले की नाही, हे मला त्या वेळी कळण्यास मार्ग नव्हता.

पुढल्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी कार्डावर अकरा लिहिले होते आणि अकराच निघालो. अंगणात शिरताच तो मुलगा दारातून बाहेर आला. वर्षभरात चांगला उंच झाला होता. त्याने बोट पुढे करून आम्हांस एकेक करून मोठ्याने मोजले आणि आत ओरडून सांगितले, “आये, आकरा हायेत. पत्रात आकराच व्हती.” मग माझ्याकडे पाहून तो हसला.

आता काळ बदलला आहे. कार्डाची जागा दूरध्वनीने घेतली. कोरड्या दिवसांत लोणावळ्याकडून कच्च्या रस्त्याने मोटारी माचीपर्यंत जातात. पावसाळ्याच्या तोंडावर तेथील झाडे काजव्यांनी लखलखतात, तेव्हा शनिवार-रविवारी शहरातील मंडळींची तेथे मोठी गर्दी लोटते. पीठमीठ वर नेणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे, हे मान्य. परंतु ‘आम्ही वीस जण येतो’ असे सांगणेही त्याबरोबर सोपे झाले आहे आणि शुक्रवारी रात्री नऊ नावे गाळणे तर त्याहून सोपे. रान मात्र तेच आहे, फाटेही तेच आहेत आणि रात्रीचा काळोख मोटारीमुळे यत्किंचितही कमी झालेला नाही.

म्हणून पत्रलेखिका भगिनीस माझी विनंती अशी. चिरंजीवांच्या पिशवीत वर सांगितलेल्या वस्तू अवश्य भराव्या. त्यांबरोबर चार गोष्टी त्यांच्या कानांवर घालाव्या. नाव दिल्यास त्याच दिवशी आपल्या वाटणीचे पैसे द्यावे. जाणे न झाल्यास ते शुक्रवारी दुपारच्या आत पुढाऱ्यास कळवावे, म्हणजे त्याला तो आकडा डोंगरात कळविता येईल. स्टेशनवर गाडी सुटण्यापूर्वी नावे मोठ्याने वाचावी. आणि यजमानांच्या अंगणात पाऊल ठेवल्याबरोबर, पाणी पिण्याच्याही आधी, पुढाऱ्याने सांगावे : आम्ही इतके आहोत, मागे कोणी नाही.

आमच्या मंडळींत हा परिपाठ आजतागायत चालू आहे. अंगणात उभे राहून ते वाक्य म्हणताना नव्या सोबत्यांना थोडे हसू येते. ते हसू आले की मी त्यांना रात्री जेवणानंतर ही हकीकत सांगतो.